डोंगर हिरवा, पण झाडं किती जातींची?

ऑगस्टमध्ये कोकणातला कुठलाही डोंगर लांबून सारखाच हिरवा दिसतो. एकावर काजूची बाग असते. दुसरा आठ-दहा वर्षांपूर्वी ठेकेदाराने साफ तोडलेला असतो आणि आता पुन्हा फुटलेला असतो. तिसऱ्याच्या कुशीत देवराई असते. सरकारी आकडेवारीतही हे तिन्ही डोंगर एकाच रकान्यात जातात, कारण भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर झाडांचं छत्र 10 टक्के किंवा त्याहून जास्त असलं की ते 'वनाच्छादन' ठरतं. जमीन कोणाची, झाड कुठलं, हा प्रश्न तिथे येतच नाही. म्हणून रबराची लागवडही वनाच्छादन आणि रानजायफळाची राईही वनाच्छादन.

फरक कळतो तो मार्चमध्ये आत शिरल्यावर. एका एकरात किंजळ, ऐन, किंजळ, कुडा, परत किंजळ. शेजारच्या घळीत पायाखाली ओल, डोक्यावर अंधार आणि चार पावलांवर वेगळंच झाड. कोकणातलं जंगल संपतं तेव्हा ते बहुधा उजाड होत नाही, एकसुरी होतं. म्हणूनच ते संपल्याचं लवकर लक्षात येत नाही.

पाऊस भरपूर, तरी झाडाला तहान

कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला तर त्याच्या दुपटीहून जास्त. तरी केरळच्या डोंगरांइतकी सदाहरित झाडांची विविधता इथे नाही. वर्षाची बेरीज झाडाच्या उपयोगाची नसते, कोरडे महिने किती हे महत्त्वाचं. दक्षिण केरळात एप्रिल-मेमध्येच वळवाच्या सरी सुरू होतात आणि नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओसरला की परतीचा पाऊसही चांगला मिळतो. तिथे कोरडा काळ दोन-चार महिन्यांचा. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि नंतर सहा ते आठ महिने आभाळ कोरडं. सह्याद्रीत जसजसं उत्तरेला जावं तसा हा कोरडा काळ लांबतो आणि सदाहरित झाडांच्या जाती कमी होत जातात. सिंधुदुर्गात दिसणारी कितीतरी झाडं रायगडात दिसत नाहीत, त्याचं मुख्य कारण हेच.

आठ महिने पाणी नसेल तर झाडापुढे दोनच वाटा. एक, पानं गाळून गप्प बसायचं. ऐन, किंजळ, नाणा, सावर, पांगारा, कुंभा हे करतात. दुसरी, पानं राखायची आणि त्यासाठी बारमाही ओल असलेली जागा धरायची. कोकणात अशा जागा ठरलेल्या आहेत: पऱ्याचे आणि व्हाळाचे (लहान ओढ्यांचे) काठ, उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या घळी, कातळसड्याच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराच्या, कडेखालचे पाझर. जांभ्याचा सडा वरून तापलेला तवा दिसतो, पण पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून झिरपतं आणि खाली चिकणमातीच्या थरावर अडून कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. त्या झऱ्याखाली सीताअशोक, सुरंगी, रानजायफळ, भेरली माड, काळा धूप अशी मंडळी सापडतात. घाटमाथ्याजवळ धुकं आणि गारवा असतो, तिथे अंजनी, जांभूळ, पिसा यांचं बुटकं पण दाट जंगल तयार होतं.

म्हणजे कोकणातल्या डोंगरावर झाडांची विविधता सगळीकडे सारखी पसरलेली नाही. शंभर एकरांचा डोंगर असला तरी त्यातल्या बहुतेक दुर्मिळ जाती काही मोजक्या ओल्या पट्ट्यांत कोंडलेल्या असतात. संवर्धनाचं काम सुरू करायचं तर आधी हे पट्टे नकाशावर आखावेत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात डोंगर चालून काढला की ते सहज ओळखू येतात, कारण त्या दिवसांत हिरवं उरतं ते तिथेच.

तोड झाल्यावर नेमकं काय होतं

कोकणातलं बरंचसं जंगल वनखात्याचं नाही, खाजगी मालकीचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर वनखात्याची जमीन अगदीच थोडी. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मे मालक मुंबईत, जमिनीतून दुसरं उत्पन्न नाही. मग दहा-बारा वर्षांनी कुणीतरी 'जंगल तोडायला देऊया' म्हणतो आणि लाकूड व्यापाऱ्याशी उक्ता, म्हणजे सगळ्या डोंगराचा एकरकमी सौदा होतो. उक्ता सौदा झाला की व्यापारी निवडून तोडत नाही. मनगटाएवढ्या फांदीलाही जळाऊ लाकूड म्हणून किंमत येते, त्यामुळे सगळंच जातं.

यानंतर जे घडतं ते नीट समजून घ्यायला हवं. तोडलेल्या खुंटातून फुटवे येतात. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, आसाणा यांची मुळं जिवंत राहतात आणि पहिल्याच पावसाळ्यात एकेका खुंटावर दहा-वीस फुटवे उभे राहतात. दोन वर्षांत डोंगर हिरवा, पाच वर्षांत माणसाच्या दुप्पट उंच. पाहणाऱ्याला वाटतं जंगल परत आलं.

जी झाडं फुटव्यावर जगू शकत नाहीत त्यांचं मात्र तिथेच संपतं. भेरली माडाला एकच कोंब, शेंड्यावर. तो तोडला की झाड मेलं, खुंटातून काही येत नाही. शिवाय हा माड आयुष्यात एकदाच फुलोऱ्यावर येतो. वरून खाली एकेक तुरे काढत जातो आणि मग वाळतो. फुलायच्या आधी तोडला तर त्याच्या मागे एकही बी राहत नाही. मोठ्या, जुन्या खुंटांची फुटण्याची ताकदही कमी असते. त्यामुळे शे-दीडशे वर्षांचा बेहडा किंवा काळा धूप तोडला तर तो परत येईलच असं धरून चालू नये.

दुसरं नुकसान प्रकाशाचं. छत्र गेलं की उन्हाळ्यात ऊन थेट जमिनीवर पडतं, पाचोळा सुकतो, वरचा ओलावा उडतो. सावलीत उगवणाऱ्या रोपांना हे सोसत नाही. त्यांच्या जागी चांदाडा, कुडा आणि आता मुख्यतः रानमोडी, हे परदेशातून आलेलं तण, येते. रानमोडी वाळली की ती वणव्याला सरपण पुरवते, वणवा बारीक रोपं जाळतो, आणि पुढच्या पावसात रानमोडी आणखी जोमाने उगवते. एकदा हे चक्र फिरायला लागलं की जंगल स्वतःहून त्यातून बाहेर पडत नाही.

तिसरं नुकसान दिसायला वेळ लागतो. ऐन आणि किंजळ यांच्या फळांना पंख असतात, ती वाऱ्यावर जातात. रानजायफळाचं बी जड, लाल पत्रीत गुंडाळलेलं. ते लांब न्यायला धनेशासारखा मोठा पक्षी लागतो. धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला चिणून घेते आणि अंडी उबवते. अशी ढोली बारा वर्षांच्या फुटव्याला कुठून असणार? म्हातारं झाड गेलं की ढोली गेली, ढोली गेली की धनेश गेला, आणि मग उरलेल्या रानजायफळांच्या बिया आईच्याच पायाशी पडून कुजतात किंवा किडतात.

रानजायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, हेही लक्षात ठेवायला हवं. रातांब्याचंही (कोकमाचंही) साधारण तसंच. 'एक झाड ठेवलंय की' असं म्हणून मादी झाड एकटं उभं ठेवलं, तर जवळपास नर नसेल तेव्हा ते फळणार नाही. शंभर वर्षं उभं राहील आणि जात त्याच्याबरोबर संपेल.

तोडीला सरसकट दोष देणंही बरोबर नाही. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, राब भाजायला ऐन-किंजळाची कवळ (पानांच्या डहाळ्या) पिढ्यानपिढ्या तोडली गेली, पण त्यात झाड उभं राहायचं. जंगलाला खरा मोठा धक्का बसला तो जमिनीचा वापरच बदलला तेव्हा. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत आंबा-काजूचं क्षेत्र झपाट्याने वाढलं. काजूने घरोघरी पैसा आणला, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्याच्या जोडीला रबर आणि अननस आले. जेसीबीने उतारावर पायऱ्यांसारखे टप्पे काढले की खुंटही उपटले जातात आणि फुटव्याची शक्यताही संपते. तोडलेलं जंगल अर्धंमुर्धं परत येतं, टप्पे काढलेला डोंगर येत नाही.

मोजल्याशिवाय कळत नाही

आपल्या डोंगरात विविधता किती, हे अंदाजाने सांगता येत नाही. दोन डोंगर घ्या, प्रत्येकावर 100 झाडं, प्रत्येकावर 10 जाती. पहिल्यावर प्रत्येक जातीची 10 झाडं, दुसऱ्यावर 91 किंजळ आणि बाकी नऊ जातींचं एकेक झाड. जातींची यादी सारखीच. पण डोळे मिटून दोन झाडं निवडली तर ती वेगळ्या जातींची निघण्याची शक्यता पहिल्या डोंगरावर सुमारे 90 टक्के, दुसऱ्यावर जेमतेम 17. विविधतेचे निर्देशांक म्हणून जी सूत्रं वापरतात, त्यातल्या एकाचा गाभा एवढाच आहे.

मोजणीची पद्धत अवघड नाही. 50 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असा चौकोन आखायचा, म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. अंतर आडव्या पातळीत धरायचं, उतारावर टेप टाकून नाही. 30 अंशांच्या उतारावर आडवे 20 मीटर हवे असतील तर उतारावर 23.1 मीटर मोजावे लागतात. हे विसरलं की चौकोन लहान होतो आणि झाडं कमी भरतात. आत ज्या झाडांचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.3 मीटरवर, 30 सेंटिमीटर किंवा जास्त आहे त्या सगळ्यांची नोंद घ्यायची. उतारावर ही उंची झाडाच्या वरच्या अंगाने धरतात. खोडाला खाली पडदे, म्हणजे फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं असतील तर पडदा संपतो त्याच्या वर मोजायचं. एका खुंटावर चार फुटवे असतील तर चारही घेर लिहायचे, पण झाड एकच धरायचं. नवशिक्यांच्या मोजणीत नेमकं इथेच किंजळ दुप्पट होतं.

चौकोनाच्या कोपऱ्यात 5 बाय 5 मीटरचा छोटा चौकोन घेऊन त्यात कमी घेराची, पण माणसाच्या कमरेपेक्षा उंच रोपं मोजायची. मग मोठ्या झाडांची यादी आणि लहानांची यादी शेजारी ठेवायची. मोठ्या यादीत आहे पण लहान यादीत नाही, अशी जात म्हणजे पुनरुत्पत्ती थांबलेली जात. उलट, लहान यादीत नुसती चांदाडा आणि कुडा असतील तर जंगल उघडं पडलं आहे. सगळ्या मोजणीतला सर्वात उपयोगी कागद हाच.

चौकोन किती घ्यायचे? पहिल्यात खूप नवी नावं मिळतात, पुढे कमी होत जातात. लागोपाठ दोन चौकोनांत एकही नवी जात मिळाली नाही की थांबावं. ओढ्याकाठचा, मधल्या उताराचा आणि माथ्याचा हिशेब मात्र वेगवेगळा ठेवावा, नाहीतर सरासरीत ओला पट्टा बुडून जातो. नोव्हेंबर-डिसेंबर हा चांगला काळ: जळवा गेलेल्या असतात आणि पानं अजून झाडावर असतात. एप्रिलमध्ये ऐन आणि नाणा निव्वळ सालीवरून ओळखावे लागतात.

आधी राखा, मग लावा

आपल्याकडे संवर्धन म्हटलं की जुलैत खड्डे काढायला धावतात. लागवड हा शेवटचा उपाय आहे. खुंट, मातृवृक्ष (बी देणारी मोठी झाडं) आणि पाचोळा शाबूत असतील तर राखणीने जे मिळतं ते लागवडीने मिळत नाही, आणि खर्चही पुष्कळ वाचतो.

ज्यांना लाकडाचं उत्पन्न लागतंच, त्यांनी निदान एवढं करावं. पऱ्याच्या दोन्ही काठांना 15-20 मीटरचा पट्टा कधीच तोडायला देऊ नये. बाकी भागात एकरी दहा-पंधरा मोठी फळणारी झाडं चुन्याचा पट्टा मारून सौद्यातून वगळावीत आणि सौद्याच्या कागदावर त्यांची नावं लिहावीत. त्यात वड, उंबर, नांद्रूक हवेतच, कारण इतर झाडांना फळ नसतं तेव्हा यांचं असतं आणि पक्षी टिकतात. सगळा डोंगर एकदम न देता तीन-चार तुकडे करून आळीपाळीने द्यावा. तोडीनंतर दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर दोन-तीन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढावेत, त्यांची जाडी लवकर भरते.

रानमोडी काढायची वेळ जून ते ऑगस्ट. माती ओली असते, मूळ हाताने उपटून येतं. डिसेंबरमध्ये कोयत्याने सपासप छाटली तर बुंध्यातून दुप्पट फुटते. पूर्ण डोंगर एकाच वर्षी मोकळा करू नये. पट्ट्यापट्ट्याने काढावी आणि मोकळ्या पट्ट्यात लगेच रोपं धरावीत, नाहीतर मोकळ्या उन्हात तीच परत येते.

वणव्यासाठी जाळरेषा लागते. सड्याच्या आणि रस्त्याच्या बाजूने चार-पाच मीटर रुंद पट्टा डिसेंबर-जानेवारीत, गवत पुरतं वाळायच्या आत कापून न्यावा आणि फेब्रुवारीच्या शेवटी पडलेला पाला एकदा परत झाडून काढावा. ही दुसरी झाडणी राहते आणि वणवा पाल्यावरून पलीकडे जातो.

लागवड करायची ती जिथे बी येणारच नाही अशा जागी, आणि बी गोळा करतानाच निम्मं यश ठरतं. बियांचे दोन स्वभाव आहेत. हिरडा, बेहडा, बहावा, खैर यांचं बी कडधान्यासारखं, वाळवून डब्यात ठेवलं तरी महिनोन् महिने टिकतं. जांभूळ, रातांबा, फणस, रानजायफळ यांचं बी वाळलं की मेलंच. जांभळाचं बी दोन आठवड्यांतच उगवण गमावतं, तेव्हा गर धुऊन त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत पेरावं. 'पुढच्या वर्षासाठी' म्हणून पोत्यात भरून ठेवलेल्या जांभळाच्या बिया हा दरवर्षीचा वाया जाणारा माल आहे. हिरड्या-बेहड्याची गोष्ट उलटी. त्यांची आठळी टणक. गर काढून, आठळी पाण्यात किंवा शेणकाल्यात भिजवून मग पेरली तरच बरी उगवते. किंजळाची फळं पोतंभर मिळतात, पण बऱ्याच फळांत बी पोकळ असतं. ती दाट फेकावीत आणि उगवण कमी आली म्हणून घाबरू नये. भेरली माडाची फळं सोलताना हातमोजे घालावेत, गराने हातांची आग होते. त्याला उगवायला दोन-चार महिने लागतात, वाफा मोडू नये. बी एकाच झाडाखालून भरून आणण्यापेक्षा आठ-दहा झाडांखालून थोडं थोडं घ्यावं आणि निम्म्याहून जास्त बी तिथेच सोडावं.

पिशवी 6 बाय 10 इंचांची, दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. सावलीच्या जातींना निम्मी सावली देणारी जाळी. रोप दीड वर्षाचं, दोन-अडीच फुटांचं झालं की लावायला तयार. पिशवीच्या तळाशी मूळ गोल वळलं असेल तर वळलेला भाग कापून टाकायचा, नाहीतर झाड पाच-सात वर्षांनी वाऱ्याने आडवं होतं. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, एप्रिल-मेमध्ये काढून ठेवायचा, आणि दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर, जूनच्या अखेरीस लावायचं. कोकणात रोपं पहिल्या पावसाळ्यात मरतात ती पाण्याविना नव्हे, पाण्याने. मातीचा भराव खचतो, खड्ड्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. म्हणून माती खड्ड्याच्या वर थोडी उंचवट्याची राहू द्यावी. पुढचे दोन उन्हाळे रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी आणि चार बोटं जाड पाचोळा लागतो. पाचोळा बुंध्यापासून वीतभर लांब ठेवावा, नाहीतर वाळवी बुंध्याला लागते.

सीताअशोक किंवा सुरंगी उघड्या सड्यावर लावू नये, मरणारच. आधी चांदाडा, शिवण, करंज यांची सावली होऊ द्या, त्याखाली तिसऱ्या-चौथ्या वर्षी सदाहरित झाडं घ्या. आणि रोपवाटिकेत 'अशोक' मागितला की बहुतेक वेळा ते उंच, सडपातळ, शोभेचं झाड हातात येतं. त्याचा सीताअशोकाशी काही संबंध नाही.

कायदा, देवराई आणि ग्रामपंचायत

महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम 1964 चा. त्याच्या मूळ अनुसूचीत, म्हणजे तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांच्या यादीत, साग, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस अशी लाकडाच्या किंवा फळाच्या उपयोगाची झाडं आहेत. रानजायफळ, धूप, भेरली माड तिथे नाहीत. थोडक्यात, जे सहज फुटतं त्याला यादीत जागा आहे आणि जे एकदा गेलं की गेलं त्याला नाही. जागतिक वारसा म्हणून 2012 साली सह्याद्रीची निवड झाली तेव्हाही महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या जागा गेल्या. त्या बव्हंशी घाटमाथ्याच्या आहेत, कोकणात उतरणारे उतार जवळपास बाहेरच राहिले.

दक्षिण कोकणात थोडं वेगळं घडलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. 2020 मध्ये त्याच पट्ट्यातल्या तिलारीला 29.53 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेची राई तर फक्त 2.59 हेक्टरची, पण तिथे रानजायफळाची दलदल आहे, चिखलातून श्वास घ्यायला गुडघ्यांसारखी वर आलेली मुळं आहेत. गावाने ती देवराई म्हणून राखली आणि 2021 मध्ये शासनाने तिला जैविक वारसा स्थळ घोषित केलं.

गावोगावच्या देवराया एवढ्याच लहान आहेत आणि त्यांच्यावर येणारं संकट बहुधा कुऱ्हाडीचं नसतं. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सभामंडप वाढतो, गाडी दारापर्यंत यावी म्हणून रस्ता होतो, आवार फरशीने बंद होतं आणि पालापाचोळा 'कचरा' म्हणून जाळला जातो. झाडं उभी राहतात, खाली रोपं येणं थांबतं. मानकऱ्यांनी आणि गुरवांनी एवढं ठरवलं तरी पुष्कळ: बांधकाम आहे त्या चौथऱ्यातच, रस्ता राईच्या बाहेरपर्यंतच, पाला काढायचा नाही, आणि राईभोवती वीस-पंचवीस मीटरचा पट्टा शेजारच्या मालकांकडून बिनतोडीचा करून घ्यायचा. या पट्ट्यामुळे कडेचं ऊन-वारं आत शिरत नाही, आणि राईतल्या बियांना पडायला जागा मिळते.

जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही कुणीतरी एकदा भरून कपाटात ठेवलेली असते. ती बाहेर काढून त्यात गावातले मातृवृक्ष लिहावेत: जात, नर की मादी, घेर, गट क्रमांक, फळ धरण्याचा महिना. मोजणीच्या चौकोनांच्या कोपऱ्यांत जांभ्याचा एकेक चिरा पुरून त्याची जागा मोबाइलवरच्या नकाशात नोंदवावी. पाच वर्षांनी तेच चौकोन, त्याच महिन्यात पुन्हा मोजायचे. पावसाळ्यात साल पाणी पिऊन फुगते आणि घेर उगाच वाढलेला दिसतो, म्हणून पहिली मोजणी डिसेंबरची असेल तर दुसरीही डिसेंबरचीच हवी.